बांगडीची निशाणी

सरांनी मला पहिला धक्का दिला तो आमच्या वास्तुशांतीच्या पंक्तीत. वाशीच्या नव्या वसाहतीत आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. सासूबाई साताऱ्याहून मुद्दाम आल्या होत्या, नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं होती आणि कॉलेजातल्या सहकाऱ्यांबरोबर मी सरांनाही बोलावलं होतं. मी भूगोल शिकवायचे, ते इतिहास. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे कोणाला बोलवावं आणि कोणाला बोलवू नये याची अक्कल अजून यायची होती. सर आले ते पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, चपला चिखलानं माखलेल्या. दारात चपला काढल्या, पूजेकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात शिरले, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि फरशीवर टाच आपटून पाहिली. मग पंक्तीत येऊन बसले आणि श्रीखंडाला हात लावायच्या आधी सासूबाईंना म्हणाले, "तुमचा गॅस ठेवलाय ना, तिथं भरतीला कमरेएवढं पाणी असायचं. ओहोटीला चिखलात निवट्या नावाची मासळी उड्या मारायची. जागा छान आहे, पण ती खाडीची आहे. कधीतरी ती मागायला येईल."

सासूबाईंच्या हातातली पळी हातातच राहिली. "मग आता आणखी कसली शांत करायची?" त्यांनी घाबरून विचारलं.

"शांत नको. दाराशी वीतभर कट्टा घाला," सर म्हणाले आणि वाटी पुढे करून श्रीखंड मागून घेतलं.

मी शरमेनं अर्धी झाले. पाहुणे गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "तुझ्या कॉलेजात सगळे असेच आहेत का?" नव्हते. सर एकटेच तसे होते. आणि खरं सांगायचं तर पुढे त्यांनी जे धक्के दिले, त्यांच्यापुढे हा म्हणजे काहीच नव्हता.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्या भागात अजून कोणी ते नाव घेतलं की जुनी माणसं एकमेकांकडे बघून हसतात, आणि मला ते सहन होत नाही.

सरांचा हात मोडीचा. बाळबोध लिहायचा त्यांना कंटाळा, कारण दर अक्षराला पेन उचलावं लागतं. एकदा परीक्षेच्या पर्यवेक्षणाचा तक्ता करायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी तो अगदी सुबक करून स्टाफरूमच्या फळ्यावर लावला आणि पहिल्या पेपराला एकही प्राध्यापक वर्गावर गेला नाही. तक्ता सगळा मोडीत होता. प्रिन्सिपॉलसाहेब फळ्यासमोर उभे राहून "हे काय आहे? हे काय आहे?" असं विचारत होते. सरांनी तो त्यांना पहिल्या ओळीपासून शांतपणे वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाले, "तुमचंही नाव आहे. खोली आठ."

तारीख त्यांना कधी ठाऊक नसायची. तिथी मात्र झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. "नवमीला भेटू", "पगार बहुतेक षष्ठीला होईल", असं त्यांचं बोलणं. त्यामुळे स्टाफरूममधल्या बायकांचा समज झाला होता की हे फार सोवळ्यातले. कोणी संकष्टी विचारायला यायची, कोणी प्रदोष. कँटीनवाला त्यांच्या उसळीवर कांदा घालायचा नाही. मीही तसंच समजत होते. मग एका एकादशीला त्यांच्या बिऱ्हाडी काही पुस्तकं आणायला गेले, तर सर ओट्यावर मांडी घालून ओल्या बोंबलांचं कालवण ओरपत होते. मी दारातच थबकले.

"सर, आज एकादशी."

"मग? बोंबलांना सुट्टी आहे?" ते म्हणाले. "तिथी देवासाठी नाही हो बाई, पाण्यासाठी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, मोठी भरती. अष्टमीला भांग, पाणी मवाळ. खाडीला जानेवारी-फेब्रुवारी कळत नाही."

हे बिऱ्हाड म्हणजे पावणे गावाच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात, सगळे ज्यांना काकी म्हणायचे त्या बाईंच्या घराची पडवी. आम्ही सगळे नव्या वसाहतीत नळाच्या आणि विजेच्या आशेनं राहायला आलो होतो, आणि हा गृहस्थ उलटा गावात जाऊन राहिला होता. काकी विधवा. मुलगा पावण्याच्या एका कारखान्यात हेल्पर, तोही कायम नाही. घरात सून, आणि खाडीच्या अंगाला भाताचं एक खार. बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेताला तिकडे खार म्हणतात. त्या एका खारावर ते घर चाललं होतं. काकी सरांना "मास्तर" म्हणायच्या, वेळेवर जेवायला घालायच्या आणि त्यांची पँट कधीच उलगडलेली नसते म्हणून मनसोक्त चिडवायच्या. "मास्तर, कपडा कमी पडला कं शिंप्याला?" असं म्हणून पदर तोंडाला लावायच्या.

सर खाडीचं चरित्र लिहीत होते. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, गंमत करतायत. पण त्यांच्या खाटेखाली पत्र्याची ट्रंक होती आणि ती कागदांनी काठोकाठ भरली होती. राजांची चरित्रं लिहायला पुष्कळ लोक आहेत, असं ते म्हणत. पाणी कुठवर होतं, चिखल कुठं होता, मीठ कुठं पिकायचं, तिवरं कुणी तोडली, बांध कुठे फुटला आणि कुणी बांधला, हे कोण लिहिणार? आणि हे सगळं सापडतं कुठे, तर सरकारी दप्तरखान्यात, लोकांच्या अर्जांत. बांध फुटला, खारं पाणी शिरलं, पीक गेलं, सारा माफ करा, असे ते अर्ज. "रडायला गेलेला माणूस नीट तपशील देतो," सर म्हणायचे. "पाणी कुठून आलं, कुठल्या झाडापर्यंत आलं, किती भरत्या राहिलं. कवी असलं काही लिहीत नाही." अर्जांवर तिथ्या असायच्या. त्या मांडत गेल्यावर त्यांना दिसलं की बांध मन मानेल तेव्हा फुटत नाहीत, ते उधाणाच्या दिवसांत फुटतात. हे दिसलं तेव्हा मी वर्गावर होते. सर दार न ठोठावता आत आले, माझ्या हातातला खडू घेतला, फळ्यावर चंद्र काढला, "झालं," म्हणाले आणि निघून गेले. मुलं खो-खो हसली. मला तो तास पुन्हा सुरू करता आला नाही.

एकदा मीच हट्टानं त्यांच्याबरोबर दप्तरखान्यात गेले. खाडीपुलावरून बसनं मुंबईला, आणि तिथं जुन्या लाकडी मेजाशी दिवसभर बसायचं. जुने कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. सरांच्या डाव्या हाताचं बोट कापलं होतं म्हणून रुमालाची गाठ मी सोडली. ते एकेक कागद उचलायचे, मनात वाचायचे आणि खाली ठेवायचे. एका कागदापाशी मात्र थांबले. तोच पुन्हा पुन्हा वाचला आणि जसाच्या तसा उतरवून घेतला. कागदाच्या तळाशी सहीच्या जागी एक गोल काढला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"बांगडी. लिहिता न येणारे पुरुष सहीऐवजी नांगर काढायचे, बाया बांगडी. बाईचा अर्ज आहे."

"काय म्हणतेय ती?"

"इथं नाही सांगणार. कागद जिथला असतो तिथं वाचायचा. मुंबईत पंख्याखाली वाचून काय कळणार?"

मी जाम वैतागले. अख्खा दिवस घालवून माझ्या पदरात काही पडलं नाही. पण तो मूळ कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, हे इथं नक्की सांगून ठेवते.

कागद जिथला तिथं वाचायचा ही सरांची रीत मी गावात आधी पाहिली होती. दप्तरखान्यातून काही मिळालं की ते नक्कल घेऊन त्या त्या बांधावर जाऊन उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात सगळा अर्ज वाचायचे. वाचून झाला की खाडीकडे बघून विचारायचे, "बरोबर?" सुरुवातीला गावाला वाटलं मास्तर कामातून गेला. मग एखाद्या अर्जात कोणाच्या पणज्याचं नाव निघालं, कोणाच्या शेताचं जुनं नाव निघालं, आणि लोक येऊन बसायला लागले. मोडकळीला आलेल्या एका बांधावर त्यांनी एक अर्ज वाचला होता. त्यात बांध फुटल्यावर सगळं गाव खिंडारात खांद्याला खांदा लावून उभं राहिलं आणि मागून पेंढा-चिखल टाकला, असं होतं. वाचून झाल्यावर एक म्हातारा उठून त्या बांधाला हात लावून आला.

हे चाललं होतं तो काळ फार वाईट होता. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या जात होत्या, नोटिसा लागत होत्या, मोजणीची माणसं साखळ्या घेऊन फिरत होती. काकींचं खारही त्यात होतं. त्यांनी मनाची तयारी केली होती. "जमीन जातंय तं जावंदे," त्या मला म्हणाल्या होत्या. "मोबदला गावला तं पोराला दुकानाचा गाला घेऊन देन. कारखान्यात कवा काढून टाकतील, सांगता येत नाय." त्या मोबदल्यावर त्यांनी सगळा संसार मांडून ठेवला होता, आणि आम्ही सगळेच तो मिळणार असं धरून चाललो होतो.

बांगडीचा कागद सरांनी वाचला तो काकींच्या खाराच्या बांधावर. त्यासाठी ते पौर्णिमा उलटेपर्यंत थांबले होते. उधाणाचं पाणी बांधाला लागलं होतं. दुपारची वेळ, गावातली पंधरावीस माणसं, काकी, त्यांची अवघडलेली सून, मी. पलीकडच्या शेतात मोजणी करणारा एक तरुण कारकूनही आवाज ऐकून येऊन उभा राहिला. काकींनीच त्याला तांब्यातलं पाणी दिलं.

सरांनी वाचायला सुरुवात केली. अर्जदार हिरा, कोम गोमा. कोम म्हणजे बायको, असं त्यांनी मध्येच सांगितलं. नवरा वारला आहे. उधाणानं बांध फुटून शेतात खारं पाणी फिरतं, पीक नाही, सारा भरायची ताकद नाही, सबब शेताचा राजीनामा लिहून देते. पण बांध आमचा आहे. तो आम्ही आमच्या हातांनी बांधू, त्याला सरकारनं मनाई करू नये. निशाणी बांगडी.

"गोमा?" काकी म्हणाल्या. "आमचे धन्याचे आज्याचा बाप गोमा."

"तोच," सर म्हणाले. "ही हिरा तुमच्या घरातली. हा बांध तिनं आणि तिच्या पोरांनी बांधला."

काकी मटकन बांधावर बसल्या. "बाय मानसानं?" त्यांनी विचारलं. सरांनी नक्कल त्यांच्या हातात दिली आणि बांगडी दाखवली. त्या गोलावरून बोट फिरवत काकी रडल्या, सून रडली, आणि मी कोण कुठली साताऱ्याची, मीही रडले. सरांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा कारकुनानं विचारलं, "सर, राजीनामा दिला म्हणजे जमीन सरकारजमा झाली ना? परत कधी घेतली?"

"परत घेतल्याचा कागद नाही," सर उत्साहानं म्हणाले. "अहो, कितीतरी वर्षं इथं भरती फिरत होती. पार त्या चिंचेपर्यंत." आणि हात लांब करून त्यांनी चिंच दाखवली. कारकुनानं नकाशाच्या पाठीवर ते लिहून घेतलं. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. जे ऐकलं ते त्यानं लिहिलं.

त्याच आठवड्यात गावाचे वकील काकींच्या पडवीत आले. मी तिथंच होते. त्यांनी बसूनही घेतलं नाही. "मास्तर, काय करून बसलात?" ते म्हणाले. "भरतीचं पाणी जिच्यावर फिरतं ती जमीन सरकारची. राजीनामा दिलेली तर सरकारचीच. परत दिल्याचा कागद नसेल तर काकींना मोबदला कसला? त्यांची स्वतःची जमीन नाहीच ती. हा कागद समोर आला तर आसपासच्या सगळ्या खारांचा तोच प्रश्न निघेल."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. हे इतक्या वर्षांत त्यांच्या मनातच आलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं आणि मी हबकले. कागदात त्यांना पाणी दिसायचं, माणूस दिसायचा. मालकी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी विचारलं, "मूळ कागद त्यांना सापडेल?"

"तुम्ही रुमाल सांगितलात तर सापडेल. नाहीतर असली लाखो गाठोडी पडली असतील," वकील म्हणाले. "पण तुम्हाला जबाबाला बोलावणार. शपथ घ्यावी लागेल."

काकींना वकिलांनी बजावलं की त्या कागदाचं नावसुद्धा काढायचं नाही. काकींनी मान हलवली. पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. मधल्या काळात सुनेला मुलगी झाली आणि बारशाला काकींनी तिचं नाव हिरा ठेवलं. कागद देव्हाऱ्यात ठेवला होता, हळदकुंकू वाहून. "वकिलाला कलत नाय," त्या मला कानात म्हणाल्या. "कागुद बघून साहेबाला कलंल, बांद आमचे घरचे बायांनी बांदलाय. त्यो काय खोटा हाय?" मी त्यांना पुष्कळ समजावलं. खऱ्या कागदानं आपलं नुकसान होईल, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरूच शकत नव्हती.

सुनावणीला सर आले ते पँट खाली सोडून. उलगडलेल्या पँटीतले सर मी पहिल्यांदाच पाहिले, आणि का कोण जाणे, मला भीती वाटली. भूसंपादनाचे अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कारकुनाचं टिपण वाचून दाखवलं आणि काही विचारणार, एवढ्यात काकी उठल्या. लुगड्याच्या ओच्यातून त्यांनी फडकं काढलं, फडक्यातून कागद काढला आणि साहेबांच्या मेजावर ठेवला. वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मोडी जाणणारा एक म्हातारा लिपिक बोलावला. त्यानं सगळा कागद एकसुरात वाचला, राजीनामा, बांध, बांगडी, सगळं. काकी मान ताठ करून ऐकत होत्या.

"ही नक्कल तुमच्या हातची?" साहेबांनी सरांना विचारलं.

"हो."

"मूळ कागद कुठल्या रुमालात आहे?"

मला वाटलं, सर आठवत नाही म्हणतील. तेवढं पुरलं असतं असं मला वाटत होतं. पण आठवत नाही म्हटलं असतं, तर शोध सुरू झाला असता.

"मूळ कागद नाही," सर म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"हा मी रचला."

माझा कानांवर विश्वास बसेना. एक काना इकडचा तिकडे झाला तर पुन्हा बस पकडून दप्तरखान्यात जाणारा हा माणूस. विद्यार्थ्यानं सनावळी ठोकून दिली तर त्याला वर्गाबाहेर काढणारा. मी उठायला लागले असेन, कारण सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी परत बसले.

"कशासाठी रचलात?"

"काकींना बरं वाटावं म्हणून. मी त्यांच्याकडे राहतो."

"आणि गावात बाकीचे कागद वाचत होता, ते?"

मी मनात म्हणत होते, एवढं नको, सर, एवढं नको. एक कागद खोटा म्हणून सोडून द्या, बाकीचं काम राहू द्या. पण बाकीचे खरे म्हटले असते तर साहेबांनी ते मागवले असते, आणि त्यांतल्या अर्ध्या अर्जांत त्याच खारांवरून भरती फिरत होती. सरांनी हे आधीच धरून ठेवलं होतं.

"तेही मीच रचले. सगळेच."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवता. तुम्ही काय बोलताय, कळतंय तुम्हाला?"

"कळतंय," सर म्हणाले. जबाबावर त्यांनी बाळबोधीत सही केली, दर अक्षराला पेन उचलत.

बाहेर पायऱ्यांवर काकी थांबल्या होत्या. त्या रागावल्या असतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा नुसता कोरा होता.

"म्हंजे ती हिरा नव्हतीच?" त्यांनी विचारलं.

"नव्हती, काकी."

"आन बांद?"

"बांध आहे ना. कोणीतरी बांधलाच असेल."

काकींनी फडकं तेवढं घडी करून ओच्यात ठेवलं आणि मुलाबरोबर चालू लागल्या.

पुढचं सगळं लवकर झालं. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना बोलावून घेतलं आणि सर नोकरी सोडूनच खोलीबाहेर आले. दप्तरखान्यातला त्यांचा वाचकपरवाना गेला. खोटे कागद रचणाऱ्याला खऱ्या कागदांजवळ कोण बसू देणार? ज्या मुलांना त्यांनी मोडी शिकवली, ती कँटीनमध्ये एकमेकांच्या नावानं अर्ज रचून वाचायची आणि "निशाणी बांगडी" म्हणून टाळ्या द्यायची. मला त्यांना थोबाडावंसं वाटायचं. खाडीचं चरित्र ट्रंकेत राहिलं. ते छापणार कोण, आणि छापलं तरी विश्वास ठेवणार कोण? काकींची जमीन मात्र काकींच्याच नावावर राहिली. मोबदला मिळाला, महाप्याला जाणाऱ्या रस्त्यावर मुलाचा गाळा झाला.

काकींनी सरांना घराबाहेर काढलं नाही. गावातल्या बायकांनी काढायला सांगितलं होतं. "खोटारडा निघाला म्हनून रस्त्यावर काढू?" असं त्यांनी उलट विचारलं म्हणे. जेवण वेळेवर द्यायच्या. फक्त बोलायच्या नाहीत. ज्या बाईची टकळी अंगणात पाऊल टाकताच ऐकू यायची, ती सरांपुढे ताट ठेवून आत निघून जायची. बांधावर कागद ऐकून रडलेल्या त्या सगळ्या माणसांना वाटत होतं की मास्तरनं आपल्याला रडवून मजा घेतली. नातीला घरात आता कोणी हिरा म्हणत नव्हतं. नुसतं "पोरी" म्हणायचे.

सर मग पोरांच्या शिकवण्या घेऊन राहिले. मी अधूनमधून जायचे. एकदा अशीच दुपारी गेले तेव्हा पोरगी अंगणात खेळत होती, शाळेत घालायच्या वयाची झालेली. निकाल लागून, पैसे मिळून, सगळं मिटून गेलं होतं. मला राहवेना.

"सर, आता तरी काकींना सांगा. आता कोणाचं काय बिघडणार आहे?"

"बाई, तुम्ही काकींना ओळखलंच नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "आज सांगितलं तर उद्या सकाळी त्या कचेरीत जाऊन उभ्या राहतील. म्हणतील, साहेब, जमीन सरकारची होती, पैसे परत घ्या. पोराला गाळा विकायला लावतील. कागद खरा आहे म्हटल्यावर त्या थांबतील असं वाटतं तुम्हाला?"

मला तसं वाटत नव्हतं.

"आणि तुमचं सगळं काम?" मी विचारलं. त्यांनी पायानं ट्रंक खाटेखाली आणखी आत सारली.

एवढ्यात काकी ताटं घेऊन बाहेर आल्या. माझं ताट त्यांनी पाटासमोर नीट मांडलं, सरांचं त्यांच्याकडे न बघता खाली ठेवलं. पण त्या दिवशी आत गेल्या नाहीत. माझ्याजवळ टेकल्या आणि अंगणातल्या पोरीकडे बघत राहिल्या.

"बाय, तू शिकलेली हायस," त्या म्हणाल्या. "आता शालंत घालायची हाय तिला. शालंचे मास्तर नाव लिवून घेतील. तिचेसाठी एक खरा नाव सांग."

मी सरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून भात कालवत होते, आणि त्यांचा हात थांबला नाही. काकी माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होत्या, आणि मला एकही नाव सुचत नव्हतं.